कुणीतरी आधीच निवडलेलं

रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की आमच्या घरी एक वेगळाच कार्यक्रम सुरू होतो. काय बघायचं, हे ठरवण्याचा. मी रिमोट घेऊन पोस्टरांच्या रांगा सरकवत बसते. ‘क्लासिक्स’ असं लिहिलेल्या रांगेत 1942 सालच्या ‘कॅसाब्लांका’ला खेटून नव्वदीतला एखादा मारधाडपट बसलेला असतो. अर्धा तास जातो. डोळे जड होतात. मग पूर्वी दोनदा पाहिलेलं काहीतरी लावून मी त्याच्यासमोर झोपी जाते.

यात फार मोठं दुःख काही नाही. पण चित्रपटांवर लिहिणाऱ्या माणसाला आपण निवडतो कसं, हेच नीट सांगता येऊ नये, याची मला हल्ली लाज वाटते. नाटकाचा प्रयोग ठरलेला असतो, पुस्तक कुणीतरी हातात दिलेलं असतं. टीव्हीवरच्या जुन्या हॉलिवूडपटाचं तसं नाही. तो आपल्यापर्यंत पोचेपर्यंत स्टुडिओ, वितरक, वाहिनी, वेळापत्रक करणारा माणूस अशा अनेकांनी त्याला निवडलेलं किंवा वगळलेलं असतं. आपण निवडतो ते त्यांच्या उरलेल्यातून. ही साखळी थोडी मागे जाऊन बघावी, म्हणून हा लेख.

माझी सुरुवात इंदूरच्या एका भाड्याच्या घरात झाली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यात केबल आली, तेव्हा एकाच वाहिनीवर दिवसभर कार्टून नेटवर्क आणि रात्री टीएनटी असायचं. टॉम आणि जेरीची पळापळ थांबायची आणि त्याच ठिकाणी एमजीएमचा सिंह डरकाळी फोडायचा. माझं झोपायचं वाजलेलं असायचं, पण बाबांच्या पाठीमागे सतरंजीवर लोळत मी थोडं थोडं बघायचे. निवडीचा प्रश्नच नव्हता. त्या रात्री जे लागेल ते. नाही आवडलं तर झोपा.

आमचा टीव्ही कृष्णधवल होता. त्यामुळे 1939 सालचा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातली मुख्य गोष्टच मला कळली नाही. कॅन्ससचं घर वावटळीत उडून पडतं, डोरोथी दार उघडते आणि मातकट छटेतला चित्रपट एकाएकी टेक्निकलर होतो. आमच्याकडे दाराच्या अलीकडेही राखाडी आणि पलीकडेही राखाडी. आमच्या घरातली डोरोथी कॅन्ससमधून बाहेर पडलीच नाही. पुढे कळलं की यात आम्ही एकटे नव्हतो. 3 नोव्हेंबर 1956 रोजी सीबीएसने हा चित्रपट अमेरिकन टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला, तेव्हाही बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होते. तिथल्या असंख्य मुलांनीही रंग नसलेलंच ऑझ पाहिलं, आणि तरीही दरवर्षीच्या प्रक्षेपणामुळे तो त्या देशाचा घरगुती चित्रपट झाला. म्हणजे टीव्हीने त्याचा आत्माच काढून घेतला आणि त्याला अमरही केलं. या माध्यमाशी आपलं नातं असं दुहेरी आहे, आणि निवड करताना ते विसरून चालत नाही.

टीएनटीवर जे लागायचं तेच का लागायचं, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि ते सौंदर्यशास्त्रात नव्हतं. ते मालकीहक्काच्या कागदांत होतं. 1986 मध्ये टेड टर्नरने एमजीएम विकत घेतली, कर्जाच्या ओझ्याने काही महिन्यांतच स्टुडिओ परत विकून टाकला, पण चित्रपटांचा संग्रह स्वतःकडे ठेवला. त्या संग्रहात एमजीएमचे जुने चित्रपट होतेच, शिवाय हातोहात फिरत आलेले वॉर्नर ब्रदर्सचे 1950 पूर्वीचे चित्रपट होते आणि आरकेओचेही बरेचसे हक्क होते. टीएनटी आणि पुढे 1994 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली टर्नर क्लासिक मूव्हीज म्हणजेच टीसीएम, या वाहिन्यांचा पाया म्हणजे हे गोदाम.

पॅरामाउंटचे 1950 पूर्वीचे बोलपट मात्र 1958 मध्येच एमसीएने घेतले होते आणि ते पुढे युनिव्हर्सलच्या घरात गेले. परिणाम असा, की माझ्या लहानपणीच्या हॉलिवूडमध्ये बोगार्ट होता, गार्बो होती, फ्रेड अस्टेअर होता. बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ नव्हता, लुबिचचा ‘ट्रबल इन पॅराडाइज’ नव्हता, प्रेस्टन स्टर्जेसची ऐन भरातली विनोदी चित्रमालिका तर नव्हतीच. तिशीपर्यंत मी बिनधास्त म्हणायचे की जुन्या हॉलिवूडला बोचरा, प्रौढ विनोद जमत नाही. ते माझं समीक्षकीय मत नव्हतं. तो एका विक्रीखताचा परिणाम होता.

मुंबईत धोबी तलावाजवळचं मेट्रो चित्रपटगृह एमजीएमने 1938 साली स्वतःचे चित्रपट दाखवण्यासाठी बांधलं, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. माझ्या आजोबांच्या पिढीला हा सिंह तिथे भेटला, मला सतरंजीवर. दोघांनाही वाटलं असणार की हेच हॉलिवूड.

अभिजात ठरण्याच्या प्रक्रियेत टीव्हीचा हात किती खोलवर गेलेला आहे, याचं सर्वांत बोलकं उदाहरण फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. 1946 च्या डिसेंबरमध्ये तो आला आणि तिकीटबारीवर कमी पडला. 1974 मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. छोट्या-मोठ्या टीव्ही केंद्रांच्या लक्षात आलं की नाताळाच्या दिवसांत हा चित्रपट फुकटात दाखवता येतो. मग तो इतका दाखवला गेला की पाहता पाहता नाताळाची परंपरा बनला. चित्रपट चांगलाच आहे. जेम्स स्टुअर्टच्या चेहऱ्यावरची निराशा आजही अंगावर येते. पण तितकेच चांगले आणि हक्क शाबूत असलेले किती चित्रपट त्याच वर्षांत कपाटात पडून राहिले असतील, हा प्रश्न अभिजातांची यादी हातात घेताना मनात असावा. याद्या आभाळातून पडत नाहीत.

पॉलिन केलने 1967 साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये टीव्हीवरच्या चित्रपटांबद्दल लिहिताना वेगळीच काळजी मांडली होती. टीव्हीवर सगळं एकत्र येतं, उत्तम आणि भिकार, जुनं आणि त्याहून जुनं, आणि कशामागून काय आलं याचं भान सुटतं, अशी तिची तक्रार होती. तिने ते चित्रपट त्यांच्या काळात थिएटरात पाहिले होते. ज्यांनी ते फक्त टीव्हीवर पाहिले, त्यांच्याकडे हा क्रम नव्हता. मला ही तक्रार पटते आणि थोडी टोचतेही, कारण मी नेमकी त्या दुसऱ्या गटातली. 1950 चा चित्रपट मी 1930 च्या आधी पाहिला, ‘कॅसाब्लांका’ची विडंबनं मूळ चित्रपटाआधी पाहिली. पण क्रम हरवल्याने एक गोष्ट मिळालीही. कुठला चित्रपट मोठा मानायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे काही अगदी लहान चित्रपट माझ्यासाठी मोठे राहिले.

या गर्दीत वाट दाखवायला 1969 मध्ये एक जाडजूड पुस्तक आलं. अठरा वर्षांच्या लेनर्ड माल्टिनने संपादित केलेलं ‘टीव्ही मूव्हीज’. प्रत्येक चित्रपटाला चार-सहा ओळी आणि चारांपैकी तारे. नावातच टीव्ही होता, कारण तेव्हा जुना चित्रपट बघायचा म्हणजे टीव्हीवरच. त्याची एक कव्हर फाटलेली आवृत्ती मला फुटपाथवर मिळाली आणि कित्येक वर्षं माझं बायबल झाली. त्यात ‘टॅक्सी ड्रायव्हर’ला दोनच तारे होते. ते पाहून मला पहिल्यांदा पुस्तकावर राग आला आणि पुस्तकाचा खरा उपयोग कळला. तारे मोजायचे नसतात, माणूस ओळखायचा असतो. एका माणसाची आवडनिवड पुरती ओळखीची झाली की त्याच्या नावडीवरूनही आपल्याला निवडता येतं. आज ‘तुम्हाला आवडेल’ म्हणून पोस्टर पुढे करणारं यंत्र मला ओळखतं म्हणे. पण मला ते ओळखता येत नाही, त्याच्याशी भांडता येत नाही. दोघांतला फरक एवढाच आहे आणि तो पुष्कळ आहे.

आता पडद्याच्या आकाराकडे वळू, कारण निवडीचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित निकष तोच आहे. 1953 पर्यंतच्या बहुतेक हॉलिवूड चित्रपटांची चौकट 1.37 ला 1 या प्रमाणात असे. जुन्या टीव्हीची चौकट 1.33 ला 1. म्हणजे तिशी-चाळिशीतला चित्रपट त्या डब्यात जवळजवळ जसाच्या तसा मावायचा. 1953 मध्ये ‘द रोब’ने सिनेमास्कोप आणलं, ते टीव्हीपुढून उठून लोक परत थिएटरात यावेत म्हणून. टीव्हीला हरवण्यासाठी रुंद केलेला पडदा अखेर टीव्हीवरच आला, तेव्हा त्याच्या दोन्ही कडा छाटल्या गेल्या.

जॉन स्टर्जेसचा ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’ (1955) घ्या. लांबी अवघी 81 मिनिटं. वाळवंटातल्या एका गावात चार वर्षांत पहिल्यांदाच गाडी थांबते आणि एक हात गमावलेला स्पेन्सर ट्रेसी खाली उतरतो. त्याला कोमोको नावाच्या जपानी-अमेरिकन शेतकऱ्याला भेटायचंय. ट्रेसीचा जीव वाचवताना इटलीत मेलेल्या त्याच्या मुलाचं पदक त्याला द्यायचंय. गाव काहीतरी लपवतंय. स्टर्जेस गावातल्या पुरुषांना रुंद चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांबांसारखे उभे करतो. कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे ट्रेसीकडे बघतात. संशय त्यांच्या संवादांत कमी आणि दोन माणसांमधल्या मोकळ्या जागेत जास्त आहे. मी हा पहिल्यांदा छाटलेल्या चौकटीत पाहिला. एका वेळी दोन माणसं दिसायची, मग चित्र झटक्याने सरकून तिसरा दिसायचा. तो मला एक बरा वेस्टर्न वाटला. पुढे काळ्या पट्ट्या ठेवून दाखवलेली पूर्ण चौकट पाहिली तेव्हा कळलं, की ही एका सामुदायिक गुन्ह्याची गोष्ट आहे आणि तो समुदाय आधी माझ्या पडद्याबाहेर राहिला होता. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो कोमोको मात्र कुठल्याच चौकटीत दिसत नाही. ती मर्यादा टीव्हीची नव्हे, हॉलिवूडची.

याउलट लुबिचचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (1940) टीव्हीवर काहीच गमावत नाही. बुडापेस्टमधलं चामड्याच्या वस्तूंचं दुकान, सहा-सात नोकर, तापट पण एकाकी मालक. दुकानात एकमेकांचा तिरस्कार करणारे दोघे नकळत एकमेकांनाच निनावी प्रेमपत्रं लिहीत असतात. त्यात टपालपेट्यांच्या भिंतीमागून घेतलेलं एक दृश्य आहे. एका खणात हातमोजा घातलेला हात येतो, चाचपडतो, खण रिकामा आहे. मग त्या चौकोनातून मार्गारेट सुलाव्हनचा चेहरा दिसतो. एवढंच. लहानशा चौकटीत अजून एक लहानशी चौकट, आणि त्यात मावणारी निराशा. दिवाणखान्यात, जरा जवळून बघायचा हा चित्रपट आहे. मालकाचं काम फ्रँक मॉर्गनने केलंय, तोच ज्याने आधल्या वर्षी ऑझचा जादूगार केला होता. नाताळच्या संध्याकाळी तो बर्फात उभा राहून एकेका नोकराला जेवायला कुठे जाणार म्हणून विचारतो. प्रत्येकाला घर असतं. शेवटी नव्याने लागलेला पोरगा उरतो, त्याचंही शहरात कुणी नसतं, आणि दोघं मिळून जेवायला जातात. बाबा या दृश्याला चष्मा पुसायचे.

तेव्हा एक साधा सल्ला. तारकांच्या मागे न जाता दुय्यम नटांच्या मागे जा. फ्रँक मॉर्गन, क्लॉड रेन्स, थेल्मा रिटर. रिटरला ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. पण ‘ऑल अबाउट इव्ह’ पासून ‘रिअर विंडो’ पर्यंत ती ज्या चित्रपटात आहे तिथे निदान एक शहाणं माणूस असणार, याची खात्री.

आणि एक अवघड आठवण. 1939 चा ‘गंगादीन’ मी दहा-अकरा वर्षांची असताना पाहिला. केरी ग्रँट आणि त्याचे दोन सार्जंट मित्र वायव्य सरहद्दीवर ठगांशी लढतात. ती सरहद्द म्हणजे कॅलिफोर्नियातलं लोन पाइन. पाणक्या गंगादीनचं काम सॅम जाफे या अमेरिकन नटाने अंगाला तपकिरी रंग फासून केलंय. शेवटी जखमी गंगादीन सोन्याच्या घुमटावर चढतो, बिगूल वाजवतो, इंग्रज फौज सावध होते आणि तो मरतो. मी सतरंजीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

बाबा म्हणाले, “तो बिगूल कुणासाठी वाजवतोय, बघितलंस का?”

मी म्हणाले, “आपल्या लोकांसाठी.”

“आपले कुठले त्यात?”

त्यांनी टीव्ही बंद केला नाही. चित्रपट पूर्ण पाहिला. नंतर कधीतरी मी वाचलं की बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ने त्या काळात अशा साम्राज्यवादी चित्रपटांविरुद्ध सडकून लिहिलं होतं. मोठेपणी तो पुन्हा पाहिला तेव्हा लक्ष खलनायक गुरूकडे गेलं. आपल्या देशासाठी मरण्यात गैर काय, असा त्याचा युक्तिवाद आहे, आणि तो बोलून थांबत नाही. स्वतः सापांच्या खड्ड्यात उडी घेतो. चित्रपटाला त्याला राक्षस करायचंय, पण सर्वांत स्वच्छ वाक्यं त्याच्याच तोंडी आली आहेत. टाळ्यांचा आणि विचारांचा असा उलटा प्रवास ‘गंगादीन’मध्ये आहे. म्हणून मी तो आजही निवडते. लांबून आदर करण्यासाठी नव्हे. त्या टाळ्या माझ्या होत्या, हे विसरू नये म्हणून.

हा प्रश्न अमेरिकेतही आला आहे. जून 2020 मध्ये ‘गॉन विथ द विंड’ एचबीओ मॅक्सवरून काही दिवस काढून घेतला गेला आणि जॅकलीन स्ट्युअर्ट या अभ्यासक-निवेदिकेच्या प्रास्ताविकासह परत आला. हॅटी मॅकडॅनियलला त्यातल्या कामासाठी ऑस्कर मिळालं, असा सन्मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. आणि त्या समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. ही दोन वाक्यं चित्रपटाआधी कुणीतरी म्हणणं आवश्यक आहे. 2021 च्या मार्चमध्ये टीसीएमने अशा अठरा चित्रपटांची चर्चेसह मालिका केली. त्यात ‘गंगादीन’ही होता. मला बाबांची आठवण आली. आमच्या घरी प्रास्ताविक शेवटी यायचं, इतकाच फरक.

आपल्याकडे टीएनटीचं पुढे टीसीएम झालं आणि काही वर्षांत रात्रीची ती वाटणीच संपली. कार्टून चोवीस तास चालू लागली. अमेरिकेतली टीसीएमही निर्धास्त नाही. जून 2023 मध्ये मालक कंपनीने तिथल्या वरिष्ठांना काढलं, तेव्हा स्पिलबर्ग, स्कॉर्सेसी आणि पॉल थॉमस अँडरसन मध्ये पडले. त्यानंतर कार्यक्रमांची आखणी करणाऱ्या चार्ली टबेशना परत आणलं गेलं. तीन मोठे दिग्दर्शक एका वेळापत्रक करणाऱ्या माणसासाठी धावले, यात मला अतिशयोक्ती दिसत नाही. संग्रह कुणीही विकत घेईल. ‘शॉप’च्या पाठीला ‘बॅड डे’ लावावा, हे सुचणारा माणूस विकत मिळत नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या दिवाळीत दादाने आणि मी मिळून आईला मोठा टीव्ही घेतला. ती एकटी पडते, सोबत होईल, असं आमचं म्हणणं. बसवायला आलेल्या मुलाने सगळ्या सोयी समजावून सांगितल्या, आई मान हलवत राहिली. त्याच आठवड्यात मी तिला डग्लस सर्कचा ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (1955) लावून दिला. रंग चांगले आहेत, नव्या पडद्यावर खुलतील, असा साधा विचार. आधी पाहिलेला चित्रपट, तरी मला तो आठवायला हवा होता तसा आठवला नाही.

जेन वायमन ही त्यात विधवा आहे. वयाने लहान असलेल्या माळ्यावर, रॉक हडसनवर, तिचं प्रेम बसतं. गाव कुजबुजतं, मुलं रुसतात, ती त्याला सोडते. मग नाताळला मुलं आईसाठी भेट आणतात. लाल फीत बांधलेला टीव्ही. विक्रेता सांगतो की आता सगळं जग घरात येईल. कॅमेरा हळूहळू त्या बंद काचेकडे जातो, आणि काचेत तिचाच चेहरा दिसतो, बसलेला, एकटा. पन्नासच्या दशकातल्या हॉलिवूडने टीव्हीवर उगवलेला हा सूड आहे, असं मी एके काळी वर्गात शिकवलंय. फासबिंडरने ‘अली: फिअर ईट्स द सोल’मध्ये चिडलेल्या मुलाकडून टीव्हीला लाथ मारवली, ती याच दृश्याला दाद म्हणून, हेही. त्या संध्याकाळी यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही. दादा मोबाइलमध्ये बघू लागला.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिला काय हवंय, ते विचारलं का गं कुणी?”

आम्हीही विचारलं नव्हतं. मी रिमोट तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला. “तो दुकानाचा आहे का बघ. ह्यांना आवडायचा तो.”

शोधायला बराच वेळ लागला. ‘क्लासिक्स’च्या रांगेत तो नव्हता, नाव टाकल्यावर भाड्याने मिळाला. आई टपालपेटीच्या दृश्याला जागी होती. बर्फातल्या दृश्याला तिने मला विचारलं, तो म्हातारा कोण, कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. मी म्हणाले, तो ऑझचा जादूगार. आपल्या जुन्या टीव्हीवर रंग दिसले नव्हते ना, तो.

“हो,” ती म्हणाली, “पण तेव्हाही आवडला होता.”